दाराशी टांगलेला विळा

वारा सुटला की आमच्या घरात सगळे माझ्याकडे बघतात, जसा काही तो मीच सोडलाय. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. इमारत दिसेल कशी हे दुसरं कोणीतरी ठरवतं आणि ती उभी कशी राहील याचा घोर मला असतो. त्यातही वारा हा माझा खास विषय. नवरा म्हणतो, हिच्याबरोबर नाशकात फिरणं म्हणजे डोक्याला ताप. सिग्नलला गाडी थांबली की मी आधी वर बघते आणि वर होर्डिंग असलं तर त्याला गाडी दोन हात पुढे घ्यायला लावते. लग्नाला एखाद्या लॉन्सवर गेलो की अक्षता हातात घेण्याआधी मांडवाचा खांब हलवून बघते. एकदा तर नवरदेवाच्या मामानं मला मांडववाल्याचं माणूस समजून दोन पंखे पुढे घ्यायला सांगितले. मी घेतले. तेवढ्यात मागचे दोन खांबही बघून झाले.

घर बांधायला माझ्याकडे येणारी माणसं हजार गोष्टी विचारतात. गाड्या किती बसतील, देवघर कुठल्या कोपऱ्यात, जिन्याच्या पायऱ्या विषम आहेत ना. एखादा जास्त वाचणारा असला तर भूकंपाचं विचारतो. वाऱ्याचं कोणी विचारत नाही. वारा म्हणजे बाल्कनीत यायला हवा तो. ‘हवेशीर’ या शब्दावर आमच्या शहरात निम्मे फ्लॅट विकले जातात, त्यामुळे तोच वारा छप्पर घेऊन जाऊ शकतो असं म्हटलं की लोकांना मी अपशकुनी वाटते.

आमच्या शेजारच्या काकांनी गच्चीवर पत्र्याची शेड घातली आणि पत्रे उडू नयेत म्हणून वर चार टायर, एक फुटका पाटा आणि एक जुना कमोड ठेवला. नाशकातल्या कुठल्याही उंच गच्चीवरून खाली बघा, अशा संसाराची प्रदर्शनं मांडलेली दिसतील. मी काकांना म्हटलं, अहो, पत्रा लोखंडाला हुकांनी घट्ट बांधा, वरच्या वजनानं काही होत नाही. काका म्हणाले, “मॅडम, एवढं वजन ठेवल्यावर वारा काय करतोय?” मी म्हटलं, वारा आधी तो कमोड माझ्या गॅलरीत आणून ठेवील. माझ्या नाकावर राग असतो हे सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. महिनाभर मी काकांच्या मागे लागले तेव्हा कुठे त्यांनी हूक मारून घेतले. टायर मात्र तसेच ठेवले. मनाला बरं वाटतं म्हणे. तेव्हा मी त्यांना खूप हसले होते.

आता हसत नाही. आमच्या आबांचा विळा मध्ये येतो.

आबा म्हणजे माझे वडील. सायखेड्याच्या अलीकडे आमचं गाव, आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या फुलं आणि भाजीपाला करणारी माणसं. झेंडू, शेवंती, मधल्या दिवसांत कोथिंबीर, मेथी. पहाटे फुलं तोडायची, क्रेट भरायचे, नाशिकच्या बाजारात न्यायचे. माझं शिक्षण झेंडूवर झालं आणि लग्न शेवंतीवर, असं आई म्हणते. आबांच्या मनात मात्र कितीतरी वर्षं गुलाब होता. उघड्यावरचा गावठी नव्हे, लांब दांड्याचा, वीस-वीसची जुडी कागदात गुंडाळून विकतात तो. त्याला पॉलिहाऊस लागतं, म्हणजे लोखंडी पाइपांच्या कमानी आणि त्यांवर ताणून बसवलेलं जाड प्लास्टिक. साठी उलटल्यावर एके दिवशी जेवता जेवता आबा म्हणाले, “दहा गुंठ्यांत पॉलिहाऊस घालायचं म्हणतो. तुला येतं का गं काढून द्यायला?”

येतं का! मी दहा मजल्यांच्या इमारतींचं गणित करते आणि हे मला विचारतात, तुला येतं का. मी ताट तसंच ठेवून कागद काढला.

खरं सांगायचं तर पॉलिहाऊस हे मोठ्या इमारतीपेक्षा अवघड प्रकरण आहे. इमारत स्वतःच्या वजनानं जागेवर बसते. पॉलिहाऊसला वजनच नाही. लोकांना वाटतं वारा छप्पर दाबतो. तो वरून जाताना छप्पर उचलतो, आणि कुठल्या बाजूनं आत शिरला तर आतूनही ढकलतो. मी आबांना कागदाची एक पट्टी ओठांशी धरून वरून फुंकर मारून दाखवली. खाली वाकलेली पट्टी फुंकरीनं उलट वर उठली. आबांनी ती पट्टी माझ्याकडून घेतली आणि चारपाच वेळा स्वतः फुंकून बघितली.

“इमारतीला पाया घालतो तो ती खाली खचू नये म्हणून,” मी म्हटलं, “आणि पॉलिहाऊसला पाया घालायचा तो ते वर जाऊ नये म्हणून.”

“म्हंजे खुंटाच की,” आबा म्हणाले.

मला तेव्हा ते एवढं अचूक वाटलं की पुढे चारचौघांत बोलताना मी तो शब्द दोनदा वापरला आणि तो आबांचा आहे हे दोन्ही वेळा सांगायचं विसरले.

मग आबा सांगू लागले. आपल्या रानात वारा कुठून येतो, नदीच्या अंगानं आला की कसा वळतो, विहिरीपाशी भोवरा कसा धरतो. त्यांच्या तरुणपणी खळ्यावर धान्य उपणायला उभं राहावं लागायचं, त्यामुळे वारा त्यांना अंगानं कळतो. मी त्या वेळी गणितात बुडालेले. वाऱ्याचा वेग पुस्तकात दिलेला होता, जागेचा प्रकार कोष्टकात होता. मी मान वर न करता म्हटलं, “आबा, हे अंदाजाचं काम नाही. मला करू द्या.”

आबा उठले. ताटं उचलून आत घेऊन गेले, हे मला आईनं नंतर सांगितलं. आमच्या घरात आबांनी ताट उचलणं ही साधी गोष्ट नव्हती. पण मला तेव्हा त्यात काहीच दिसलं नाही. मी माझ्या कमानींवर खूष होते.

गावात बातमी पसरली. पोरीनं स्वतः काढून दिलंय, कंपनीचं तयार आणलेलं नाही. पारावर विचारपूस सुरू झाली, आणि आबा फार बोलत नसले तरी ते ऐकायला थोडे जास्त वेळ बसू लागले. हे पॉलिहाऊस पडलं तर नुसते पाइप पडणार नव्हते, हे मला कळत होतं. म्हणून मी सगळीकडे एक माप जास्तच धरलं. कोपऱ्यातले तिरपे पाइप वाढवले, क्लॅम्प वाढवले आणि पायाचे खड्डे तीन फूट खोल सांगितले, आतमध्ये काँक्रीट.

आता मातीचं सांगायला हवं. आमची जमीन काळी. पाणी धरून ठेवणारी. गुलाबाला ती चालत नाही, त्याच्या मुळाशी पाणी थांबलं की तो रुसतो. त्यामुळे आमच्याकडचे पॉलिहाऊसवाले लाल माती विकत आणतात. घोटीकडून डंपर येतात आणि काळ्या रानावर दोन फूट लाल थर अंथरला जातो. माझ्या कागदावर क्रम असा होता की आधी खड्डे, काँक्रीट, कमानी आणि मग माती. पण डंपरवाल्याला आमच्याच बाजूला दुसरी खेप मिळाली होती, तर तो आठ दिवस आधी आला. दारात आलेली माती कोण परत पाठवणार? आबांनी ती पसरून घेतली. छान सपाट करून, वर पाणी मारून.

मग खड्डे घेतले गेले. कमानी उभ्या करणारा फिटर मालेगावचा, कामाला चोख, बोलणं हिंदी-मराठी मिसळून. त्या दिवशी मी शहरात एका अकरा मजली इमारतीच्या स्लॅबवर उभी होते. त्यानं फोन केला. “मॅडम, फोटो भेजा है, देख लो. तीन फूट बरोबर है ना?” मी फोटो उघडला. खड्ड्यात टेप सोडलेला, टेपवर तीन फूट स्पष्ट. ऊन कडक होतं, पडद्यावर नीट दिसत नव्हतं, इकडे काँक्रीटची गाडी येऊन थांबली होती. मी म्हटलं, “एकदम बरोबर. भरून घ्या.”

फोटोतली माती लाल होती. वरपासून बरंच खालपर्यंत लाल, तळाशी थोडीशी काळी. ती मला दिसली, पण मी ती पाहिली नाही.

तीन फुटांतले दोन फूट नुकतीच ओतलेली माती होती. काळ्या रानात माझा पाया जेमतेम फूटभर गेला होता. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि पुढची दोन वर्षंही नव्हतं.

पॉलिहाऊस उभं राहिलं. काय दिसायचं ते! सकाळच्या उन्हात आतून सगळं दुधाळ उजेडाचं. पहिली जुडी आबांनी बाजारात न नेता माझ्या सासरी आणून दिली. सासूबाईंनी ती काचेच्या बरणीत ठेवली आणि येईल त्याला सांगितलं, व्याह्यांच्या रानातली आहेत.

आणि त्याच महिन्यात पॉलिहाऊसच्या दारापाशी विळा आला.

एक लांब बांबू, त्याच्या टोकाला तारेनं आवळून बांधलेला विळा, आणि तो बांबू दाराच्या बाहेर दोन हुकांवर आडवा टांगलेला. मी विचारलं, हे काय? आबा म्हणाले, “वारं फारच झालं तर प्लास्टिक फाडायला. फाडलं की वारं निघून जातं, सांगाडा राहतो.”

उपाय जुनाच आहे. आमच्या भागातले शेतकरी करतात. प्लास्टिक नवं घालता येतं, वाकलेला सांगाडा भंगारातच जातो. पण ते दुसऱ्यांच्या पॉलिहाऊसला! माझ्या? मला इतका राग आला की सांगता सोय नाही. घरात डॉक्टर पोरगी असताना दाराला लिंबू-मिरची बांधल्यासारखं वाटलं मला. मी म्हटलं, “आबा, मी हे वादळ धरून काढलंय. याला विळा लागत नाही.”

“असू दे,” आबा म्हणाले. “विळा काय खायला मागतो?”

मी बांबू काढून गोठ्यात ठेवला. पुढच्या खेपेला गेले तर तो परत हुकांवर. मी परत काढला. दोन वर्षं आमचं हेच चाललं होतं. मी गावी गेले की आधी चपला, मग बांबू. आबा माझ्यादेखत एक अक्षर बोलायचे नाहीत आणि माझी गाडी वळणापार गेली की तो लावायचे. आई म्हणायची, “तुम्हा दोघांना दुसरं काही काम नाही का रे देवा.”

तर तो वैशाख. लग्नसराई, गुलाबाला तेजी. आबा मालेगावला भाचीच्या लग्नाला गेलेले, फेटा बांधून, सकाळच्या गाडीनं. मी रविवारची आईकडे कुरडया घालायला आले होते. घालायला म्हणजे आई घालणार आणि मी ओला चीक वाटीत घेऊन खाणार. येताना सवयीनं मी बांबूकडे बघितलं, पण हात धुळीचे होतील म्हणून तो जाताना काढू असं ठरवलं. नुसत्या आळसानं वाचले मी.

दुपारी तीनच्या सुमारास बाजेवरच्या कुरडया हलल्या. मग एक उठली आणि भिंतीला जाऊन चिकटली. मी हसत होते. आई हसत नव्हती. ती पश्चिमेकडे बघत होती, तिकडे नदीच्या अंगाला धुळीनं झाडं दिसेनाशी झाली होती.

“पडदे!” ती म्हणाली आणि पळालीच. साठीला टेकलेली बाई, पदर खोचून माझ्या पुढे.

पॉलिहाऊसच्या बाजूंना गुंडाळायचे पडदे असतात. एरवी हवेसाठी वर गुंडाळलेले, वारा आला की हँडल फिरवून खाली सोडायचे. सगळे बंद केले की वारा आत शिरत नाही. पूर्वेचा मी सोडला. पश्चिमेच्या हँडलला आई होती, आतल्या बाजूनं, सगळ्यात लांबच्या टोकाला. तो पडदा निम्म्यावर आला आणि अडकला. गुंडाळीचा पाइप वाऱ्यानं वाकून कडेत रुतला होता. आई दोन्ही हातांनी हँडलला लोंबकळत होती आणि त्या अर्ध्या उघड्या बाजूनं वारा आत येऊ लागला.

प्लास्टिक फुगलं. आवाज असा की आईला मारलेली हाक मलाच ऐकू येईना. तरी मी शांत होते, खोटं सांगत नाही. मी मनात म्हणत होते, एक बाजू उघडी राहिली तरी चालेल एवढं धरलंय आपण. कमान वाकत नाहीये, क्लॅम्प सुटत नाहीये, सगळं माझ्या गणिताप्रमाणे चाललंय.

मग नजर कोपऱ्यातल्या खांबाच्या बुडाशी गेली. खांब वर उठला. चांगला दोन बोटं, काँक्रीटच्या गोळ्यासकट, आणि परत खाली बसला. भोवतीची माती भाकरीसारखी फुगून तडकली. पुन्हा उठला. ती माती लाल होती.

फोटो मला त्या क्षणी दिसला. टेप, तीन फूट, आणि लाल. वरपासून बरंच खालपर्यंत.

सगळं गणित बरोबर होतं. कमानी मजबूत होत्या, म्हणून तर त्या न वाकता अख्ख्याच्या अख्ख्या वर निघाल्या होत्या. खुंटा भुसभुशीत मातीत ठोकला होता, आणि तो मीच फोनवरून पास केला होता.

मी दारापाशी धावले, बांबू हुकांवरून काढला आणि हातात घेऊन उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. दोन श्वास असतील. पण त्या दोन श्वासांत माझ्या मनात काय आलं ते सांगायलाच हवं. मला लाज वाटली. रस्त्यावरून सगळ्या गावाला दिसेल, इंजिनिअर पोरीनं स्वतःच्या हातानं स्वतःचं काम फाडलं. आई आत आहे, हे त्याच्यानंतर आलं. या क्रमाची मला आजही शरम वाटते.

मग मी विळा वर घातला आणि ओढला. ताणलेलं प्लास्टिक फाटताना विळ्याला काही करावं लागत नाही, टोक रुतलं की ते स्वतःच फाटत जातं. पहिली कमान, दुसरी, तिसरी. वरून धूळ, पानं आणि पहिले टपोरे थेंब एकदमच अंगावर आले. आत कोंडलेला वारा वर निघून गेला. कोपऱ्यातला खांब खाली बसला तो बसलाच. चौथ्या कमानीपाशी आई येऊन माझ्या कमरेला घट्ट धरून उभी राहिली. मी उडून जाईन असं तिला वाटलं असावं. मी माझ्या वजनाची चिंता पहिल्यांदाच विसरले आणि ओढत राहिले.

अर्ध्या तासात सगळं शांत. फुलं गेली, कळ्या गेल्या. झाडं उभी होती. सांगाडा उभा होता, अंगावर प्लास्टिकच्या चिंध्या लोंबत होत्या. आई म्हणाली, “कुरडया गेल्या बघ सगळ्या,” आणि मग आम्ही दोघी चिखलात बसून हसलो, आणि हसता हसता मी रडायला लागले.

संध्याकाळी आबा आले. फाट्यावरच त्यांना कळलं होतं. डोक्याला फेटा तसाच. मला वाटलं आधी प्लास्टिककडे बघतील. ते सरळ कोपऱ्यातल्या खांबापाशी गेले, धोतर सावरून खाली बसले आणि तडकलेल्या मातीत हात घातला. हात मनगटापर्यंत आत गेला.

“आबा,” मी म्हटलं, “चूक माझी आहे. खड्डे भरावात होते. फोटोत दिसत होतं, मी नीट बघितलं नाही.”

आबा हात झटकत म्हणाले, “मला म्हाईत व्हतं.”

“काय माहीत होतं?”

“खड्डा घेतला तवाच हात घालून बघितला व्हता मी. लय भुसभुशीत माती. अशा मातीत आपण गायसुद्धा बांधत नाय.”

मी भडकले. माझाच अपराध आणि मीच भडकले. “मग सांगितलं का नाही? दोन वर्षं! आई आत होती आज! तोंड शिवलं होतं का तुमचं?” आबांशी मी आयुष्यात असं बोलले नव्हते. आई ओट्यावरून “अगं, अगं” करत आली.

आबा माझ्याकडे न बघता मातीकडे बघत बोलले. “सांगणार व्हतो. तेवढ्यात तू फोनवर बोलली, एकदम बरोबर. फोन मोठ्या आवाजात व्हता, समदी पोरं ऐकत व्हती. म्हणलं, तुझ्या हिशोबात धरलं असंल. मी काय शिकलोय? तूच म्हणली व्हती, हे अंदाजाचं काम नाय म्हणून.” मूठभर माती त्यांनी परत भोकात टाकली. “पण जीव मानंना. म्हणून विळा लावला.”

 दोन वर्षं मी त्या बांबूकडे माझा अपमान म्हणून बघत होते. आणि हा माणूस माझी चूक चारचौघांत उघडी पडू नये म्हणून, आणि पडलीच तर सगळं हातचं जाऊ नये म्हणून, मी काढला की तो लावत होता. वाऱ्याबद्दल बोलणाऱ्या माणसाला मी एका वाक्यात गप्प केलं होतं. पुस्तकात नसलेली एकच गोष्ट मला हवी होती, ती त्यांच्या हाताला कळली होती, आणि ती विचारायची मी सोयच ठेवली नव्हती.

मी त्यांच्याजवळ मातीत बसले आणि म्हटलं, “आबा, मला हाताने माती बघायला शिकवा.”

“त्यात काय शिकवायचंय,” ते म्हणाले. पण त्यांनी माझा हात धरून त्या भोकात घातला. वरची माती गार आणि सैल होती. खूप खाली बोटांच्या टोकांना काहीतरी घट्ट लागलं. “ही आपली,” आबा म्हणाले. “वरची पाव्हणी.”

पाया आम्ही नवा घातला, एकेक रांग सुटी करून, खालच्या घट्ट मुरमापर्यंत. मी सुट्टी काढून रोज तिथे. मालेगावचा फिटर पुन्हा आला, झाला प्रकार ऐकून कानाला हात लावून म्हणाला, “मॅडम, आता फोटो नको, तुम्हीच आत उतरा.” उतरले. प्रत्येक खड्ड्यात आधी माझा टेप, मग आबांचा हात. आबांनी मान हलवल्याशिवाय काँक्रीट पडलं नाही. सहा खड्डे त्यांनी नापास केले आणि त्यातल्या एकावर माझं त्यांच्याशी भांडण झालं. खणल्यावर तेच बरोबर निघाले. विहिरीपाशी वारा भोवरा धरतो हेही त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि या वेळी मी वही काढून लिहून घेतलं आणि त्या कोपऱ्याला चार तिरपे पाइप वाढवले.

नवं प्लास्टिक चढलं. दिवाळीच्या सुमारास गुलाब पुन्हा सुरू झाले.

त्यानंतर गावी गेले तेव्हा सवयीनं आधी चपला काढल्या आणि मग पॉलिहाऊसच्या दाराकडे बघितलं. हूक रिकामे होते. मी आबांना शोधत मागच्या अंगणात गेले. बांबूवर आईची लुगडी वाळत होती आणि आबा उकिडवे बसून विळ्यानं गाईला कडवळ कापत होते.

“आबा, बांबू काढला?”

“आता कशाला लागतो?” ते म्हणाले. “मी सवता हात घालून बघितलंय. आता पक्कं हाय.”

 मी लुगडी काढून बाजेवर टाकली, बांबू खाली घेतला आणि आबांच्या हातातून विळा मागून घेतला. गोठ्यातून तार आणली. मला काही ती त्यांच्यासारखी आवळता येत नव्हती. आबांनी कडवळ बाजूला सारलं.

“काय करू राहिली?”

“बांधतेय. विळा काय खायला मागतो?”

ते उठून आले. मी मारलेला पीळ त्यांनी दोनदा ओढून बघितला, पक्कड घेऊन आणखी एक वेढा दिला, आणि बांबूचं दुसरं टोक धरून माझ्याबरोबर दारापर्यंत चालत आले.